कच्च्या लिंबाची बाजू

आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, क्रिकेट स्पर्धेचा नारळ दरवर्षी एप्रिलात फुटतो. त्याआधी गावचे मानकरी गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, हंयसर जे जे संघ खेळाक इलेले आसत, तेंका सगळ्यांका यश दी रे म्हाराजा!" जमलेले पंचवीस-तीस जण एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" दोन वर्षांपूर्वी माझ्या मागे उभा असलेला एक पोरगा हळूच म्हणाला, "सोळा जणांका यश कसा देतलो? चषक तर एकच आसा." आजोबांनी त्याच्या डोक्यात टपली मारली, पण प्रश्न बिनतोड होता.

देव कदाचित सोळांना समान धरत असेल. प्रेक्षकांना ते दुपारपर्यंतही जमत नाही. त्या वर्षी उपांत्य सामन्यात एका बाजूला तालुक्यातला नावाजलेला संघ होता. छापील टी-शर्ट, पाठीवर नावं, तीन खेळाडू खास मुंबईहून आणलेले, दिवसाचे पैसे ठरवून. दुसऱ्या बाजूला खालच्या अंगाच्या एका वाडीची पोरं. वाडीत घरं बावीस, त्यातली निम्मी गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपबंद. अकरा जण पुरे करताना त्यांनी एक नववीतला मुलगा आणि एक एसटीतून निवृत्त व्हायला आलेला काका घेतला होता. बॅट दोन, त्यातली एक दोऱ्याने आवळलेली.

पाच षटकांचा सामना. शेवटच्या षटकात वाडीला तेरा धावा हव्या होत्या. फलंदाजीला होता आंब्याच्या मोसमात पेट्या भरायला जाणारा एक डावखुरा. आमच्या सड्यावर सीमारेषा म्हणजे कातळावर ओढलेली फक्कीची रेघ, आणि तिच्यापलीकडे करवंदाच्या जाळ्या. पहिला चेंडू त्या जाळीत गेला आणि शोधायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत सड्यावरचं वारं फिरलं. ज्यांना त्या वाडीची वाटसुद्धा माहीत नव्हती ते उभे राहिले. समालोचकाच्या हातात चिठ्ठी आली: वाडीच्या फलंदाजाने पुढचा षटकार मारल्यास पाचशे एक रुपये, देणार एक हितचिंतक. हा हितचिंतक कोण ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा त्याच वाडीशी पाणंदीवरून वाद आहे, आणि तो कोर्टात आहे. वाडी एक चेंडू राखून जिंकली. हितचिंतक धावत मैदानात गेला आणि ज्याच्या बापाने त्याला नोटीस पाठवली होती त्या पोराला त्याने खांद्यावर घेतलं.

पुढच्या वर्षी ती वाडी पुन्हा आली. आता त्यांच्याकडे छापील टी-शर्ट होते आणि कल्याणहून आणलेले दोन खेळाडू. पहिलाच सामना हायस्कूलच्या मुलांशी पडला, आणि अख्खा सडा हायस्कूलच्या बाजूने. हितचिंतकाची चिठ्ठी आली तीही मुलांच्या नावाने. सामना संपल्यावर वाडीचा कप्तान माझ्याकडे आला. मी समितीत आहे म्हणून जणू प्रेक्षकांचीही जबाबदारी माझीच. म्हणाला, "काय ओ, आमी काय पाप केलां?"

मला तेव्हा काही सुचलं नाही. म्हणून हे आता लिहितोय.

दुबळ्या संघासाठी मराठीत शब्द नाहीत असं नाही. क्रीडापानांवर 'लिंबूटिंबू' असतो, त्याचा थोरला भाऊ म्हणजे 'कच्चं लिंबू'. लहानपणी डबा ऐसपैस खेळताना कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागायचा. त्याला घ्यायचं, पण तो कच्चं लिंबू. तो सापडला तरी सापडला नाही असं धरायचं, त्याच्यावर राज्य येत नाही. तो पळतो, ओरडतो, खूश असतो. बाद होत नाही म्हणून जिंकतही नाही. खेळात असून खेळाबाहेर. मोठी मुलं त्याच्याशी प्रेमाने वागतात, आणि ते प्रेम खरंच असतं, पण त्याच्या बाजूने कुणी जीव मुठीत धरून उभं राहत नाही. त्या डावखुऱ्याला आम्ही कच्चं लिंबू मानलं असतं तर त्याच्या षटकारावर पाचशे एक कुणी लावले नसते. तो बाद होऊ शकत होता, म्हणून तर श्वास रोखले होते.

आपल्याला हरायला आलेला संघ का आवडतो याची काही ठरावीक उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं असं, की आपण स्वतःच आयुष्यात दुबळे असतो आणि त्याच्यात स्वतःला पाहतो. ऐकायला छान आहे. पण आमच्या हितचिंतकाची कलमांची बाग पाहिली तर तो कुठल्या अंगाने दुबळा ते मला दाखवून द्या. बंगल्यातली माणसंही झोपडीच्या बाजूने ओरडतात, मॅच सुरू असेपर्यंत.

दुसरं उत्तर हिशेबी आहे: हरणारा हरला तर आपलं काही जात नाही, जिंकला तर आनंद दुप्पट. स्वस्तातलं लॉटरीचं तिकीट. यात तथ्य आहे. १९९१ साली अमेरिकेत फ्रेझर आणि स्नायडर या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना एक काल्पनिक मालिका सांगितली. सात सामने, एक संघ तगडा, दुसरा कमजोर. तुम्ही कुणाच्या बाजूने? फार मोठ्या बहुमताने मुलं कमजोर संघाच्या बाजूने गेली. मग त्यांना सांगितलं, की कमजोर संघाने पहिले तिन्ही सामने जिंकले आहेत. आता? त्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी बाजू बदलली. आमच्या सड्यावर जे वर्षभरात झालं ते त्या वर्गात एका प्रश्नात झालं. वाडीच्या कप्तानाला मी हा अभ्यास सांगितला असता तर त्याने मला सड्यावरून ढकललं असतं, पण त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तिसरं उत्तर आम्हा कोकणातल्या माणसांना शिकवायला नको. मोठ्याचं नाक कापलं गेलेलं बघायला मजा येते. आमच्याकडे खवचटपणा हा दुर्गुण मानत नाहीत, तो आंब्याच्या लोणच्यासारखा वर्षभर पुरवायचा असतो. तोवर रणजी करंडक ४० वेळा जिंकलेली मुंबई डिसेंबर २०१४ मध्ये वानखेडेवर जम्मू-काश्मीरकडून हरली, तेव्हा देशभरातल्या क्रिकेटवाल्यांना जे बरं वाटलं असेल त्यात जम्मू-काश्मीरचं प्रेम किती आणि मुंबईची जिरली याचा आनंद किती, हे वेगळं काढता येणार नाही. (क्रिकेटच्या कागदपत्रांत रत्नागिरी-सिंधुदुर्ग पुण्याच्या संघटनेखाली येतात, पण आमचे काका-मामा लालबाग-परळला राहिले, त्यामुळे मन मुंबईचं. त्या दिवशी मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.)

ही तिन्ही उत्तरं खरी असून अपुरी आहेत, आणि कुठे अपुरी पडतात ते आपल्याच भाषेत सापडतं. 'बळी' या एका मराठी शब्दात तिघं जण नांदतात. 'बळी तो कान पिळी' मधला बळी ताकदवान. देवापुढे ज्याची मान कापतात तोही बळी, आणि गोलंदाज 'पाच बळी' घेतो तेव्हा वर्तमानपत्रात येतो तो हाच. तिसरा बळीराजा. या तिसऱ्याची गोष्ट नीट बघा. त्यात लहान कोण आहे? वामन. बटू, हातभर उंचीचा, तीन पावलं जमीन मागणारा. समोर तिन्ही लोक जिंकलेला सम्राट. आकारावरूनच माया लागत असती तर आपण वामनासाठी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण दिवाळीत आमच्या घरातल्या बायका ओवाळताना म्हणतात, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." ज्याला पाताळात ढकललं त्याचं राज्य मागतात, कारण त्या बटूच्या पोटात अख्खं आकाश होतं आणि मागताना त्याने दाखवली ती लहान पावलं. मोजमाप आधीच ठरलेलं होतं. कर्णाचं तेच. धनुर्विद्येत तो काही लिंबूटिंबू नव्हता, पण त्याची कवचकुंडलं मागून नेली गेली आणि रथाचं चाक नेमकं तेव्हाच रुतलं.

पारडं आधीच झुकवलेलं दिसलं की आपलं मन दुसऱ्या पारड्यात जाऊन बसतं. आकाराचा संबंध एवढाच, की लहानाच्या बाबतीत पारडं झुकलेलं चटकन दिसतं. मानसशास्त्रज्ञ वँडेलो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही हेच आढळलं: हरण्याची शक्यता जास्त असलेला संघ लोकांना आवडत होता, पण तोच संघ पैशाने गब्बर आहे असं कळलं की माया आटायची. वाडीच्या कप्तानाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे. कल्याणच्या दोन खेळाडूंबरोबर त्याने आमच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पारड्यात दोन वजनं टाकली होती.

आणि हे पारडं एकाच सामन्यात कितीही वेळा फिरू शकतं. ७ नोव्हेंबर २०२३ ला मी देवगडच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात उभा होतो. वानखेडेवर अफगाणिस्तान-ऑस्ट्रेलिया. अफगाणिस्तानने २९१ केलेल्या, इब्राहिम झाद्रानचं नाबाद शतक, आणि ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. दुकानातली बारा-पंधरा माणसं काबूलला जन्मल्यासारखी अफगाणिस्तानच्या बाजूने. एक मासेवाली टोपली खाली ठेवून आत येऊन उभी होती. ग्लेन मॅक्सवेल ३३ वर असताना मुजीबने त्याचा सोपा झेल सोडला तेव्हा तिने जे उद्गार काढले ते इथे छापता येणार नाहीत. पुढे मॅक्सवेलच्या पायात गोळे यायला लागले. तो जमिनीवर आडवा पडला. त्याला धावता येईना, पाय हलवता येईना. जागेवर उभा राहून तो हातांनी फटके मारायला लागला, आणि समोर पॅट कमिन्स एकेक चेंडू अडवत ६८ चेंडूंत १२ धावांवर. दुकानात कुणी तोंडाने कबूल करत नव्हतं, पण दीडशेनंतर 'अरे बापरे' चा सूर बदलला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य क्रिकेट देशाचा खेळाडू, पण त्या घटकेला एक पाय गेलेला एकटा माणूस. त्याने नाबाद २०१ केल्यावर तीच मासेवाली म्हणाली, "मेल्यान खेळल्यान मात्र!" आणि टोपली उचलून निघून गेली. दुबळा ही कुणाची जात नसते. ती एक जागा आहे, आणि त्या जागेवर पाळीपाळीने कुणीही येऊन उभं राहू शकतं.

आमच्या मातीतल्या खेळाला हे फार आधी कळलेलं दिसतं. कबड्डीत समोर सहा-सात बचावपटू असतात तेव्हाच चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा गुण मिळतो. बचावपटू तीनच किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी चढाईवाल्याला पकडलं, तर ती अव्वल पकड, एकाऐवजी दोन गुण. लोण चढायला (म्हणजे सगळेच बाद व्हायला) आलेल्या संघाला दया दाखवून कुणी गुण देत नाही. त्याला पकड करावीच लागते, चढाईवाला सुटला तर जास्त नुकसान. पण पकड जमली तर तिची किंमत मोठी. रात्री दिव्यांच्या प्रकाशात मैदानाभोवती बसलेल्या माणसांना विचारा, सगळ्यात मोठी आरोळी कधी उठते. तीन उरलेले असताना.

आता जरा अवघड जागेकडे येतो. आपण स्वतः मोठे असतो तेव्हा काय करतो?

२०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य सामन्यात २७-१८ असं हरवलं. १९९० पासून कबड्डीतलं प्रत्येक सुवर्ण आपलं होतं. मग इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात आपल्या मुलींना २७-२४ असं हरवलं, आणि त्या इराणी संघाची प्रशिक्षक होती नाशिकच्या शैलजा जैन. यापेक्षा मोठी लिंबूटिंबूची गोष्ट शोधून सापडणार नाही. आमच्या भागात, जिथे वाडीगणिक कबड्डीचं मंडळ आहे, एकानेही इराणसाठी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. 'पंच', 'मॅट', 'निवड समिती' असे तीन आरोपी त्याच संध्याकाळी पकडले गेले. मीही त्यात होतो.

क्रिकेटमध्ये तर आपण हे जगाच्या साक्षीने केलं. १७ मार्च २००७ ला पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशाने भारताला हरवलं. त्याच दिवशी आयर्लंडने पाकिस्तानला. खेळावर प्रेम असणाऱ्या माणसाने तो दिवस सणासारखा साजरा करावा असा होता. आपल्याकडे रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. भारत आणि पाकिस्तान पहिल्याच फेरीत बाहेर पडल्याने जाहिरातदार आणि प्रक्षेपणवाल्यांचे चेहरे पडले. त्यानंतर विश्वचषकाचं दार कसं लहान होत गेलं ते बघा. २००७ ला १६ संघ होते. २०११ ला १४, आणि गटांची रचना अशी, की मोठ्या संघाला एखादा वाईट दिवस आला तरी घरी जावं लागू नये. २०१९ ला १०. २०२३ लाही १०, आणि त्या दारातून वेस्ट इंडिजसुद्धा आत येऊ शकलं नाही. पात्रता फेरीत स्कॉटलंडकडून हरलं. १९८३ च्या अंतिम सामन्यात आपण ज्यांना हरवलं म्हणून आजही डोळ्यांत पाणी येतं तेच हे वेस्ट इंडिज.

१९८३ चा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. १९७५ आणि १९७९ या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तो पूर्व आफ्रिकेविरुद्ध. १९७९ ला तर आपण श्रीलंकेकडूनही हरलो, आणि तेव्हा श्रीलंकेला कसोटी दर्जाही नव्हता. त्या वेळी कुणी हिशेबी माणसाने कमजोर संघांची छाटणी करायची ठरवली असती, तर पहिल्या यादीत आपलं नाव आलं असतं. १८३ धावांचं रक्षण करायला लॉर्ड्सवर कुणी उतरलंच नसतं. दुबळ्यांच्या प्रेमाची सगळ्यात मोठी कथा आपल्याकडे आहे आणि तिचं दार ओढून घेण्यात आपलाच हात सगळ्यात जड आहे. २०२४ ते २७ या काळासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या वाटपात भारतीय मंडळाचा हिस्सा ३८ टक्क्यांच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या, आणि कसोटी दर्जा नसलेल्या सगळ्या सहयोगी देशांना मिळून साधारण ११ टक्के. बाजार आपला, प्रेक्षक आपले, म्हणून पैसा आपला, हा युक्तिवाद मला समजतो. तोच युक्तिवाद तीन खेळाडू मुंबईहून आणणाऱ्या संघाचा मालक दरवर्षी आमच्या समितीत करतो.

यावर उत्तर तयार असतं. एकतर्फी सामने कोण बघणार? याच २००७ च्या स्पर्धेत बांगलादेशाकडून हरल्यानंतर दोन दिवसांनी भारताने बर्म्युडाविरुद्ध ४१३ धावा कुटल्या आणि २५७ धावांनी सामना जिंकला. अगदी कंटाळवाणा असायला हवा. पण त्या सामन्यातलं लोकांना काय आठवतं? ४१३ मधले किती कुणाचे ते शंभरातल्या पाचांना सांगता येणार नाही. ड्वेन लेव्हरॉकने स्लिपमध्ये रॉबिन उथप्पाचा उजवीकडे झेपावून एका हाताने घेतलेला झेल मात्र सगळ्यांना आठवतो. भल्यामोठ्या देहाचा, घरी पोलिसांत कैद्यांची गाडी चालवणारा माणूस, तो झेल घेऊन मैदानभर धावत सुटला होता. एकतर्फी सामन्यातही तेवढी एक फट पुरते.

आणि फट ठेवली तर काय होतं हे पुण्याने पाहिलंय. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम. केनियाने १६६ केल्या आणि वेस्ट इंडिजला ९३ वर गुंडाळलं. माझा एक मित्र तेव्हा पुण्यात शिकायला होता. तो सांगतो, दुपारी लोक लारा बघायला आले होते आणि संध्याकाळी केनियाच्या खेळाडूंच्या बसमागे धावत होते. २०२४ च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात संघ २० केले होते आणि सहयजमान म्हणून अमेरिकेचा संघही तिथे होता, आणि ६ जूनला डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकायला चेंडू हाती आला मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकरच्या. पेशाने संगणक अभियंता. त्याने १८ धावा राखल्या. सगळा महाराष्ट्र त्या दिवशी त्याचा मामा झाला. सहा दिवसांनी त्याच सौरभने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, तेव्हा मामालोकांची जी पंचाईत झाली ती बघण्यासारखी होती.

दुबळ्याच्या विजयाला आपण लगेच 'चमत्कार' म्हणतो, त्याचाही मला राग आहे. चमत्कार म्हटलं की पुढचं काही करावं लागत नाही. २०१६ च्या फुटबॉलच्या युरो स्पर्धेत आइसलंडने इंग्लंडला २-१ हरवलं. आइसलंडची लोकसंख्या तेव्हा साधारण सव्वातीन लाख होती. आमच्या सिंधुदुर्गची २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान देश. पण त्यांनी आधीची दहा-पंधरा वर्षं बर्फातही खेळता येईल असे बंदिस्त, ऊबदार मैदानांचे हॉल बांधले होते आणि गावोगावच्या लहान मुलांना रीतसर परवानाधारक प्रशिक्षक दिले होते. आमच्याकडे पाऊस चार महिने असतो. तेवढे चार महिने खेळायला छप्पर असलेलं सार्वजनिक मैदान माझ्या पंचक्रोशीत एकही नाही. इंग्लंड हरलं तेव्हा मात्र आम्ही रात्री अडीचला शेजाऱ्यांना उठवलं होतं.

लेस्टर सिटीचंही तसंच. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी त्यांच्यावर पाच हजारास एक असा भाव दिला होता, २०१६ ला त्यांनी इंग्लिश लीग जिंकली, आणि जग वेडं झालं. नऊ महिन्यांनी त्याच क्लबने तो विजय मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक रानिएरीला काढून टाकलं. परीकथेचं प्रेम सहसा एवढंच टिकतं.

तर माझं म्हणणं असं. आपण हरणाऱ्याच्या बाजूने उभे राहतो ते निकाल आधीच कुणीतरी लिहून ठेवलाय हे सोसवत नाही म्हणून. ही भावना चांगली आहे, माणसाच्या बऱ्याशा सवयींपैकी एक. पण ती सामना संपला की घरी जाते. ती खरी असेल तर तिने सामन्याआधी हजर राहायला हवं: कोण खेळणार, किती संघ येणार, गट कसे पडणार, पैसा कसा वाटला जाणार, हे ठरतं तेव्हा. तिथे आपण कुणी नसतो. तिथे हिशेबाची माणसं असतात आणि ती दार हळूच लोटून घेतात. मग टीव्हीवर जे उरतं त्यात एखादा लिंबूटिंबू असलाच तर तो कच्चं लिंबू म्हणून.

सवलत द्या असं मी म्हणत नाही. लिंबूटिंबूला दहा धावा आधीच देऊन काय साधणार? त्याच्यावर राज्य यायलाच हवं. नियम तेच, मैदान तेच, फक्त दार उघडं आणि पारड्यात कुणी आधी हात घातलेला नको.

यंदाच्या आमच्या समितीच्या बैठकीत दोन प्रस्ताव होते. पहिला, चार मोठ्या संघांना वेगवेगळ्या गटांत ठेवायचं, म्हणजे ते उपांत्य फेरीपर्यंत एकमेकांशी भिडणार नाहीत आणि बॅनर देणारे खूश राहतील. दुसरा, बाहेरचा खेळाडू प्रत्येक संघात एकच. गंमत म्हणजे दुसऱ्याला सगळ्यात जोरात विरोध केला तो वाडीच्या त्याच कप्तानाने. त्याचं म्हणणं, "तुमी मोठ्यांक पंधरा वर्सां चालवन घेतलास, आमी येक वर्स केला तर नियम?" त्याचा मुद्दा खरा आहे. मी तरीही त्याच्याविरुद्ध मत दिलं. पहिला प्रस्ताव दोन मतांनी पडला, दुसरा एका मताने मंजूर झाला. कप्तान माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे ठरलेत. परवा संध्याकाळी आमच्या हितचिंतकाचा फोन आला.

"त्या वाडीचो पयलो सामनो कधी?"

अजून चिठ्ठ्या उचलायच्या आहेत, मी म्हटलं.

"औंदा भायरचे खेळाडू किती तेंचे?"

एकच घेता येईल, आणि बहुतेक तोही मिळालेला नाही.

जरा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "मगे माजे पाचशे एक लिवन ठेव. आणि सोळाक कोर्टाची तारीख आसा, तेच्या आधीचो सामनो लाव काय तां."